नेब्रास्कातल्या गायींना दिलेले ग्रेस मार्क

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नंद्याचा फोन आला, "मास्तर, सुट्टीत ये. वळू सोडायच्या आधी गायी तपासायच्यात, जोडीला माणूस हवाय." नंद्या माझा शाळेतला मित्र, नेब्रास्कात गुरांचा डॉक्टर. मी अमेरिकेतच, पूर्व किनाऱ्याकडे पिस्कॅटवेत राहून कॉलेजात गणित शिकवायचो. बायको म्हणाली, "तिकडे गायी खायला पोसतात, माहितेय ना?" माहीत होतं. तरी निघालो.

तुम्ही जाणार असाल तर इंटरस्टेट ८० धरा आणि दोन दिवस वळू नका. रस्ता उत्तम, बघण्यासारखं काही नाही. शाकाहारी असाल तर दशम्या न्याच. मला कॅफेत तीनदा भाजलेला बटाटा मिळाला, एकदा तर बेकन भुरभुरून.

रँचचा मालक अर्ल, सत्तरीचा. लोखंडी खोड्यात एकेक काळी गाय यायची, नंद्या लस टोचायचा. मी दाट केसांखालच्या बरगड्या चाचपून अंगावरच्या मांसाचे नऊपैकी मार्क द्यायचो. पाचाच्या खालची गाय वेगळ्या आवारात. तिचं पुढे काय होतं हे मी विचारलं नाही, खाटकाकडेच जाणार असं गृहीत धरलं. तीन गायी निव्वळ हाडं होत्या. त्यांना पाच देऊन टाकले. पुण्यात बारा वर्षं पेपर तपासलेत, ग्रेस देताना माझा हात अडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना नंद्या म्हणाला, "नापास गायींना आता मका. अंग भरलं की गाभण राहतात."

"आणि पास?"

"त्यांना नुसतं गवत. मग ऑक्टोबरात गाभण आहेत का ते तपासायचं. रिकामी निघाली की खाटकाच्या ट्रकमध्ये."

मी हातातला घास खाली ठेवला. "नंद्या, गाढवपणा केलाय मी."

ऐकून तो कपाळाला हात लावून बसला. "अरे, अर्ल डोळे झाकून माझ्यावर विश्वास ठेवतो!"

अर्लला मीच सांगितलं. त्यानं टोपी मागे सारली. "यू फेल्ट सॉरी फॉर देम?"

"येस."

"वेल. गो फाइंड देम."

पास गायी लांबच्या कुरणात पांगल्या होत्या. मार्कांच्या वहीत पाच मार्कवाल्या साठ निघाल्या. संध्याकाळपर्यंत हात लावून लावून दोन सापडल्या. तिसरी नाहीच. मला पहाटेच परतायला निघायचं होतं.

ऑक्टोबरात फोन आला. "मास्तर, सगळ्या गाभण आहेत. एक सोडून."

"तीच?"

"हो रे. हाडं हाताला लागत होती. ट्रक कालच गेला."

फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कोण गेलं?"

म्हटलं, "मी पास केलेली एक."