कूलरपुढे आडवा झालेला ससा

माझं शिक्षण झालं ते सुमनकाकूंमुळे. अंजनगावहून अमरावतीला आलो, तेव्हा त्यांनी मला आपल्या घरात ठेवून घेतलं. गेल्या आठवड्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला आणि तिथली एक दुपार आठवली.

उन्हाने ससे दगावतात, हे ऐकल्यापासून काकू आपल्या सशाला कूलरपुढेच ठेवत. त्या दुपारी तो अचानक धपकन आडवा पडला. डोळे उघडे, पाय ताणलेले.

“मेला का रे हा? पाह्य बरं!” काकू घाबरल्या.

मी पोटावर हात ठेवला. श्वास संथ चालू होता.

“झोपला थो, काकू!”

“मंग असा मेल्यावानी काहून झोपते?”

मलाही ठाऊक नव्हतं. परवा एका पुस्तकात उत्तर सापडलं आणि मी त्यांना पत्र टाकलं : ‘काकू, कसलीच भीती उरली नाही की ससा असा झोपतो. तुमच्या घरी मीही असाच झोपायचो.’