नणंदेने टीव्हीवरून आमच्या घरचा पत्ता सांगितला

काल दुपारी माझी नणंद गेली. मी अजून त्यांच्यावर चिडलेलीच आहे.

कल्पनाताई. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घरी, धायरीत राहायच्या.

तुमच्यापैकी काही जणांनी त्यांना लोकल केबलच्या चॅनेलवर पाहिलं असेल. दुपारचा साड्या-ड्रेसेसचा शो. फोन करा, ऑर्डर द्या, घरपोच मिळेल.

कापडाबद्दल त्या फार बोलायच्याच नाहीत. कपडा कधी घालायचा, ते सांगायच्या.

"मैत्रिणींनो, ही मोरपंखी जावेच्या वास्तुशांतीला. जावेला फ्लॅट दाखवू दे, तुम्ही साडी दाखवा."

"मुलगा अमेरिकेला निघाला की एअरपोर्टवर सोडायला हा ड्रेस. सुरकुत्या पडत नाहीत. आणि डोळे पुसले तरी ओढणीवर दिसत नाही."

बायका हसायच्या आणि घ्यायच्या.

स्वतः ताई कुठेही जायच्या नाहीत. शो संपला की घरी येऊन गाऊन, चहा आणि कोडं. आणि मला सल्ले. "मीनल, हा कुर्ता बँकेत जायचा आहे. भाजी आणायला काय घालतेस?"

अहो, मी कुठल्या कुर्त्यात भाजी आणायची हे पण चॅनेल ठरवणार का?

तर एके दिवशी मी घरी शो लावून लसूण सोलत बसले होते. वारज्यावरून एका बाईंचा लाइव्ह कॉल आला. नाव सुलभा.

"ताई, ती जांभळी साडी छान आहे. पण मी नेसू कुठे?"

ताई सुरू झाल्या. "भाचीचं डोहाळजेवण, कुणाचं केळवण, हळदीकुंकू..."

"मिस्टर गेल्यापासून मला यातलं कुणी बोलवत नाही हो. तुम्ही रोज एवढं सांगता म्हणून विचारलं."

ताई गप्प.

लाइव्ह टीव्हीवर. जी बाई आमच्या घरात जेवताना गप्प बसत नाही, ती.

मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी माझ्याकडे या. ही नका घेऊ. घरात घडी घालून ठेवलेली एखादी असेल ना? ती नेसून या."

आणि पत्ता सांगितला. बिल्डिंग, मजला, फ्लॅट नंबर, सगळं. केबलवर!

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मी दारातच उभी होते.

"ताई, अहो, अख्ख्या पुण्याला पत्ता दिलात?"

"अख्खं पुणं कुठे बघतं गं आमचं चॅनेल. एकटी येईल ती."

एकटी नाही आली.

रविवारी सुलभाताई आल्या, हिरव्या साडीत, हातात मोगऱ्याचा गजरा. घालू की नको, अशा अवघडून उभ्या. त्यांच्या मागून कसब्यातून दोघी आल्या. मग एक रिटायर्ड नर्स. मग एक बाई, जिच्या नवऱ्याने तिला सोडलं होतं आणि माहेरच्यांनी पण. लिफ्ट वर येतच राहिली.

उपमा संपला. पुन्हा केला. तोही संपला. शेजारच्यांच्या खुर्च्या आणल्या. उपमा कोण करत होतं? मी.

सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "कार्यक्रम कसला आहे? काही निमित्त?"

ताई म्हणाल्या, "काही नाही. आपण बसता का?"

ते गेले. मी सुलभाताईंकडे पाहिलं, तर गजरा केसांत होता. ताईंनी घातला होता, एका हातात उपम्याची बशी धरून.

त्यानंतर दर रविवार.

मॅनेजरने ताईंना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपण साड्या विकतो, आमंत्रणं नाही. आणि घरातली जुनी नेसा, असं आपणच सांगायचं?"

ताई "बरं" म्हणाल्या. आणि पुढच्याच शोमध्ये कुणीतरी विचारलं, "ताई, ही कधी नेसू?"

"मंगळवारी नेसा."

"मंगळवारी काय असतं?"

"मंगळवार असतो."

हे असंच रोज. ऑर्डरी घटल्या. चॅनेलने दुसरी मुलगी आणली आणि ताईंना घरी पाठवलं.

त्या आल्या, हात धुतले, जेवायला बसल्या.

"नोकरी गेली?"

"गेली. आमटी वाढ."

"अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मग मात्र त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, "मीनल, इतकी वर्षं मी ज्या बायकांना लग्नाला काय नेसायचं ते सांगितलं, त्यातल्या किती जणी साडी घेऊन कपाटात ठेवत होत्या, मला माहीतच नव्हतं."

मी आमटी वाढली.

छातीत दुखतंय हेसुद्धा ताईंनी आठवडाभर सांगितलं नाही. काल सांगितलं, तेव्हा रिक्षेत बसायलाही वेळ उरला नव्हता. डॉक्टरकडे जायला काय मुहूर्त बघत होता का ताई? याचा राग मी आयुष्यभर धरणार आहे. हे समजून असा.

आज सकाळी सुलभाताईंचा फोन आला. रडत नव्हत्या.

"उद्या रविवार आहे. तुमच्याकडे चूल बंद असेल."

"हो."

"उपमा आम्ही करून आणतो. किती जण आहात घरात?"

ज्या बाईला कुणी कुठे बोलवत नव्हतं, ती उद्या आमच्या घरी डबा घेऊन येतेय. नातेवाईक विचारतील या कोण. मी सांगेन, ताईंच्या आहेत.

ताई, तुमच्यावर रागावून रागावून मी तुमची झाले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शोमध्ये वापरलं असतंत.

सावकाश जा. इथलं आम्ही बघतो.

तुमची वैतागलेली भावजय,
मीनल