गाडीचा कौल

आमच्या गाडीला धक्का मारलेल्या माणसांची यादी करायची म्हटली तर त्यात अर्धं पूर्णगड येईल. मासळीची टोपली खाली ठेवून आलेल्या बायका, आंघोळीच्या पंच्यावर धावत आलेले शेजारी, एकदा तर शाळेला निघालेले गुरुजी, तेही कडक इस्त्रीच्या शर्टात. कुणी कपाळाला आठी घातली नाही. मी मात्र स्टिअरिंगमागे बसून त्यांच्यावरच डाफरायची, "सगळे एकाच बाजूला काय लटकलात? इकडे पण या की दोघं." माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे गावाला माहीत आहे, म्हणून निभावलं. आज त्या सगळ्यांना हात जोडावेसे वाटतात.

गाडी चौदा वर्षांची, पेट्रोलवरची, नवरा बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा जुनीच घेतलेली. तो वर्षातले नऊ महिने समुद्रावर. घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासरे एकेकाळी मच्छीमार होडीवर तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. गुडघे गेले तेव्हा होडी विकून घरी बसले. सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. रत्नागिरीत, सकाळी सातला. त्या वेळेला पोचवणारी एसटी इथून नाही. मग मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. पहिल्या महिन्यात दोन कुंपणं आणि एक माड एवढंच नुकसान झालं.

जूनमध्ये गाडीचे नखरे सुरू झाले. किल्ली फिरवली की कधी पहिल्या झटक्यात चालू, कधी नुसतं "टक", आणि डॅशबोर्डवरचे दिवे सगळे गुल. पाचदा टक झालं की सहाव्यांदा चालू व्हायची, किंवा व्हायची नाही. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की मात्र मुकाट चालायची. मी उतार बघून गाडी लावायला शिकले. रत्नागिरीतले सगळे उतार मला पाठ झाले.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती, ती गरम पाण्याने धुतली, वर व्हॅसलीन लावलं. दोन दिवस बरे गेले. मग नवी बॅटरी घातली. मग इंजिनाला पहिला झटका देणारा सेल्फ उतरवला, त्यातले कार्बन बदलले. मग किल्लीचा स्विच. गॅरेजमध्ये नेली की ही बया शहाण्या मुलीसारखी पहिल्या किल्लीला चालू व्हायची आणि मेकॅनिक माझ्याकडे बघायचा. "वहिनी, क्लच पूर्ण दाबता ना?" त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

सासूबाईंनी मात्र यातून भलतंच काढलं. आमच्याकडे काही अडलं की देवीला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली की पुढे वाद नाही. सुया टोचून घेऊन त्या कंटाळल्या होत्या, हात काळानिळा झाला होता, पाणीसुद्धा वाटीने मोजून प्यायचं. एका सकाळी "टक" झालं तशा त्या मागच्या सीटवर पुटपुटल्या, "डावा दिला." मी हसले. हसायला नको होतं.

जुलैत एक फेरी चुकली. धो धो पाऊस, धक्का मारायला कुणी नाही, शेजारची रिक्षा भाडं घेऊन गेलेली. मी पावस गावापर्यंत माणूस पाठवून दुसरी गाडी आणली तोवर नऊ वाजले होते आणि सासूबाई घरातलं लुगडं नेसून आडव्या झाल्या होत्या. पुढचे दोन दिवस त्यांना आडवंही होता येईना, दम लागायचा. सासरे त्यांच्या पाठीला पाठ लावून रात्रभर बसून राहिले. कशीबशी पुढची फेरी झाली आणि घरी आल्यावर सासूबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "ह्यापुढं गाडीनं डावा दिला तर मला न्यायचं नाय. त्याच्या आधीची फेरी ती माझी शेवटची. मी सुखानं जाईन." नवरा व्हिडिओ कॉलवर रडला. त्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि फोन माझ्या हातात ठेवला. त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत.

रत्नागिरीत एक वायरिंगवाला आहे. फार हळू काम करतो म्हणून लोक त्याच्याकडे जात नाहीत. मी गेले, आणि जूनपासूनचा सगळा राग त्याच्यावर काढला. त्याने चहा संपवला. म्हणाला, "इथे बिघडत नाही ना? मग जिथे बिघडते तिथे मीच येतो."

डायलिसिसच्या दिवशी पहाटे साडेपाचला तो स्कूटरवरून आमच्या घरासमोरच्या खळ्यात हजर. सासूबाई ओट्यावर तयार बसलेल्या, चपला घालून. मी मनातल्या मनात देवीला नवस बोलले आणि किल्ली फिरवली.

टक.

सासूबाई उठल्या, चपला काढल्या आणि आत गेल्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वायरिंगवाला मात्र खूश झाला. "आता तसंच राहू दे, हलवू नका." त्याने एक जाड वायर काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाला लावलं. "मारा किल्ली." गाडी धडधडत सुरू झाली. "बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. अर्थिंग मिळत नाही," तो म्हणाला आणि बॅटरीची काळी वायर चाचपत खाली गेला. ती जिथे बॉडीला कसलेली होती तो बोल्ट त्याने खोलला. वायरीच्या टोकाखाली निळ्या ऑइलपेंटचा जाड थर.

"इथे रंग कुणी मारला? यातून करंट जाणार कसा?"

सासरे त्याच्या मागेच उभे होते. मला क्षणात सगळं कळलं. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात, खरवडतात, रंगवतात. यांची होडी गेली, हाताची सवय थोडीच गेली? मे महिन्यात त्यांनी गाडीचा गंज खरवडून आतबाहेर रंग मारला होता, होडीच्या शिस्तीने. म्हणजे बोल्टसुद्धा काढून, त्याखाली रंग घालून, पुन्हा कसून. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. सासऱ्यांचा चेहरा बघितला आणि ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

वायरिंगवाला पत्रा घासून चकाकता करत होता. वर न बघताच म्हणाला, "या खाऱ्या वाऱ्यात चौदा वर्षांच्या गाडीचा तळ चाळण होतो. तुमचा टणक आहे. ज्याने रंग मारला त्याने गाडी वाचवली आहे, एवढा एकच बोल्ट चुकला." त्या भल्या माणसाचं हे वाक्य मी विसरणार नाही. बोल्ट कसून झाल्यावर त्याने मला दहा वेळा किल्ली मारायला लावली. दहाही वेळा गाडी चालू.

मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "कौल एकदाच घेतात गो. दुरुस्त करून नाय घेत."

तेवढ्यात सासरे दारात आले. "तो देवीचा कौल नव्हता," ते म्हणाले. "बोल्टाखाली रंग मीच मारला. त्या दिवशी तुझी फेरी चुकली ती पण माझ्यामुळं."

सासूबाई हळूहळू उठून बसल्या. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज असा चढला नव्हता. "म्हणजे मी देवीनं बोलावलं म्हणून जायला निघाले होते, आणि हा तुमचा ब्रश होता? पन्नास वर्षं हेच. दिसेल त्याला रंग. खुराड्याला मारलात, विहिरीच्या रहाटाला मारलात, माझ्या पाटावरवंट्याखालची फळी सोडली नाय. आता माझ्या जिवावर उठलात?" बोलता बोलता त्यांनी पाय चपलांत घातले. "आणि तू बघतेस काय गो? सात वाजले की मशीन दुसऱ्याला देतात."

सासरे डायलिसिसला कधी येत नसत, त्यांना सुया बघवत नाहीत. त्या दिवशी न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. सासूबाई मागून त्यांना सुनावत होत्या, पावस गेलं, गोळप गेलं, तरी थांबेनात. मला समोरचा रस्ता पाण्यातून दिसत होता आणि पाऊस तर नव्हता. भाट्याच्या पुलावर त्यांना दम लागला आणि त्या गप्प झाल्या. सासऱ्यांनी मागे वळून बघितलं.

"बोल गो," ते म्हणाले. "थांबू नको, बोल."