सहा जोड बूट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिला मी सांगितलं नव्हतं – तिचं तिला कळलं, दूध नासलेलं कळतं तसं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही राजुरीचे नाही. निदान नसाल, अशी आशा आहे.

राजुरीत मला ‘कमांडो भाऊ’ म्हणतात. डेअरीवर कितीही रांग असो, मला पुढे घेतात. स्टँडवर नवा पाहुणा दिसला की कुणीतरी त्याच्या कानाला लागतं, आणि तो पाहुणा मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतो. मी आपला सावकाश चहा पितो. घाईघाईत चहा पिणारा कमांडो कुणी पाहिलाय का?

आता मुद्दा. सांगतो – जरा दम धरा. आधी फौजेतलं हे प्रकरण समजून घ्या, म्हणजे माझी जागा कळेल. स्पेशल फोर्सेस म्हणजे गाळून गाळून उरलेली माणसं. मोठी पलटण समोरून लढते. ही माणसं शत्रूच्या पाठीमागे जातात, काम उरकतात आणि कुणाला पत्ता न लागता परत येतात. पाच-सहा जणांची तुकडी. एक वायरलेसवाला, एक मलमपट्टीवाला, एक सुरुंगवाला, एक लांबून नेम धरणारा, एक वाट काढणारा, आणि वर म्होरक्या. त्यातही एक पडला तर दुसऱ्याला त्याचं काम यावं लागतं. आणि या सहा जणांच्या मागे कोण? आचारी, न्हावी, ड्रायव्हर, पॅराशूटची घडी घालणारे – आणि स्टोअरवाले.

मी स्टोअरमध्ये होतो. बूट द्यायचो.

झालं, निघालं तोंडातून. सगळी नोकरी मी बूट दिले. मला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत, पायाने आठवतात – हा नऊ नंबर रुंद, तो सात नंबर, टाचेला घासतो म्हणणारा. काम वाईट नव्हतं. पण गावात येऊन ‘बूट देत होतो’ म्हणायचं – छाती कशी फुगणार?

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं हो. एका बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या सामायिक मेजवानीला, पोरांनी गंमत म्हणून माझ्या तोंडाला काळं फासलं, हातात रायफल दिली आणि फोटो काढला. तोंडाला काळं लावून घेतलेला फोटो हौसेने भिंतीवर टांगणारा मीच. मेव्हण्याने विचारलं, कमांडो होता का दाजी? मी म्हणालो, त्याबद्दल बोलायची परवानगी नाही. हे अगदी खरं होतं – स्टोअरवाल्यालाही बाहेर बोलायची परवानगी नसते. पण त्या एका वाक्यावर मेव्हण्याने अख्खं गाव पेटवलं, आणि मी विझवायला गेलो नाही.

एका सकाळी उसात बिबट्या शिरला. वनखात्याची गाडी यायला वेळ होता, म्हणून लोक मला घ्यायला आले. काय करणार? तुकडी केली. एक मोबाईलवाला, एक हळदीची पुडी घेतलेला मलमपट्टीवाला, एक फटाकेवाला, एक नजर ठेवायला झाडावर. म्होरक्या मी – टेम्पोत, काचा वर करून. अर्धा तास आम्ही उसावर डोळे लावून बसलो, आणि बिबट्या आमच्या पाठीमागून, टेम्पोला वळसा घालून, सडकेने निघून गेला. म्हणजे शिकवणुकीप्रमाणे वागला तो एकटाच. गावात मात्र झालं – भाऊंनी एकही फटाका न फोडता बिबट्या घालवला.

मग भाषणं सुरू झाली. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शाळेचं गॅदरिंग. भाषणाला गोष्ट लागते. मी एक उचलली.

स्टोअरच्या बाकावर एकदा एक नऊ नंबर रुंद बसला होता. बर्फाने डाव्या पायाची दोन बोटं गेलेली. नवा बूट ढिला होत होता, म्हणून मी पुढच्या टोकात कापूस कोंबत होतो, आणि तो खालमानेने बोलत होता. अकरा दिवसांची चाल. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरून बसलेले. तो हे मला सांगत होता की बुटाला, देव जाणे. मी ते सगळं उचललं. फक्त तो जिथे होता तिथे मी जाऊन बसलो. शेवटी म्हणायचो – चौघं गेलो, चौघं परत आलो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टाळ्या तिथेच पडायच्या.

गेल्या वर्षी कळंबला माजी सैनिकांचा सत्कार होता. निघताना बायको म्हणाली, “निदान बुटाला पालिश तरी करून जावा. तेवढं तरी येतंय तुमाला.” मी केलं. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग एकेकाला वर बोलावू लागले. आणे गावचे किसनभाऊ म्हणून एक जण आले – धोतर, पांढऱ्या मिशा. भारतमातेच्या फोटोला फूल वाहायला त्यांनी चपला काढल्या, आणि मी सवयीने पाय बघितले.

डाव्या पायाला दोन बोटं नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. नावं पुकारणाऱ्या गुरुजींनी माईक त्यांच्यापुढे धरून विचारलं, फौजेत कुठे होता? किसनभाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “स्टोअरला व्हतो.” ती त्यांची नेहमीची गप्प राहायची रीत होती, की मला झाकायला टाकलेलं पांघरूण – मला आजही ठाऊक नाही. पण मी तिथे तरी गप्प बसावं की नाही? मी माईक ओढला. म्हणालो, “आमच्याच युनिटला. बूट द्यायचे. बुटाबिगर कमांडो चालतोय का, राव?” मांडव हसला. तेव्हापासून तालुक्यात त्यांना ‘बूटवाले’ म्हणतात. माझं खरं नाव मी त्यांना देऊन टाकलं.

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता भरला आपला घडा. ते बशीत चहा ओतत हळूच म्हणाले, “कापूस बेस कोंबला व्हता तुमी. लई चाललो त्याच्यावर.” मग एक घोट घेऊन म्हणाले, “गोष्ट सांगा तुमी, माजं काय न्हाई. पर चार नगा म्हनू. सहा व्हतो आमी. चार आलो.”

बशी ठेवून ते निघून गेले.

आणि हे मला माहीत नव्हतं, असं समजू नका. सहा जोड मीच दिले होते. वायरलेसवाल्याचा आठ नंबर आणि मलमपट्टीवाल्याचा सात नंबर, टाचेला घासतो म्हणणारा. मी त्याची टाच मऊ करून दिली होती. परत आले ते चार जोड. टाळ्या नीट पडाव्यात म्हणून ते दोघे मी गोष्टीतून काढून टाकले होते, एवढी वर्षं, प्रत्येक सव्वीस जानेवारीला. कमांडो असल्याचं खोटं एकवेळ हसण्यावारी जाईल. हे जात नाही. मला लाज वाटते.

या सव्वीस जानेवारीला कळंबहून पुन्हा बोलावणं आलं. खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी घरातून निघालो. बायकोला तसं म्हणालोही. तिने माझी टोपी झटकून दिली. किसनभाऊ मागच्या रांगेत बसले होते. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, सहा गेलो होतो, चार आलो. दोघांची नावं घेतली, गावंही सांगितली. किसनभाऊंनी डोळ्यांवर उपरणं धरलं. मग एकेक करत सगळे उठून उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून.

मी त्यांना बसा म्हणालो नाही. परत आलेल्या त्या चौघांत, नेहमीसारखाच, मी होतो.