दुधातला माल्ट, बाटलीतला माल्ट

आमच्या धाकट्या आत्याला कुठलीही गोष्ट अर्धवट सांगून गप्प बसणं जमत नसे. त्यापायी तिचं जुळलेलं लग्न एकदा मोडता मोडता राहिलं.

ती माल्टच्या कारखान्यात कामाला होती. लांबलचक, गार दालन, फरशीवर वीतभर पसरलेले भिजवलेले जव, आणि लाकडी फावडं घेऊन त्यात अनवाणी फिरणारी आत्या. मोड एकमेकांत गुंतून जवाची गोधडी होऊ नये म्हणून तो थर सारखा वरखाली करावा लागे. ती झोपेतही पांघरूण उलटंपालटं करते, अशी आजीची तक्रार होती. दोघी एकाच खोलीत झोपत.

कारखान्यातल्या लोकांचे एप्रन गल्लीच्या टोकाचा शिंपी शिवायचा. त्याचं आणि आत्याचं जमलं. माणूस इतका अबोल की मापाचे आकडेसुद्धा मनातच म्हणे. आता फक्त त्याच्या आईचा होकार हवा होता. ती एका दुपारी आमच्याकडे आली.

आजीनं चहा पुढे केला, तर शिंप्याची आई म्हणाली, "चहा नको. मी आपला माल्ट घेते, दुधातून. अंगात ताकद राहते. आणि आता सूनच त्या कारखान्यातली, म्हणजे घरचीच सोय!"

आजीचा जीव भांड्यात पडला. आत्यानं नुसती मान डोलावली असती तर तिथेच तारीख ठरली असती.

"तसं नाही हो मावशी," आत्या सरसावून बसली. "माल्ट म्हणजे नुसती दुधातली पूड नव्हे. धान्य भिजवून मोड आणायचे आणि कोंब फार वाढायच्या आत भट्टीत वाळवायचं, की झाला माल्ट. मग कुणी तो पावात घालतं, कुणी त्याची पूड करतं, कुणी दारू. आमचा बराचसा दारूलाच जातो."

"दारूला?"

"बिअरला जास्त," आत्यानं दिलासा दिला.

म्हातारी उठलीच. "आमच्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही!"

"मी तरी कुठे शिवलेय?" आत्या म्हणाली, पण तोवर म्हातारी जिना उतरत होती.

"खरं बोलायला कुणी नको म्हटलंय का?" आजी कपाळाला हात लावून म्हणाली. "पण सगळं एका दमात कशाला?"

आत्या त्या रात्री जेवली नाही. आपण चुकलो, हे मात्र तिला अजिबात पटलं नव्हतं.

शिंप्यानं घरी काय केलं कोण जाणे. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बहुधा तो नेहमीपेक्षाही गप्प बसला असावा. थोड्याच दिवसांत आईच कारखान्याच्या दारात उभी राहिली, मागे तो. "बघू तरी, काय चालतं इथे!"

आत्यानं आधी तिला चपला काढायला लावल्या. मग भट्टीतून निघालेले कोमट दाणे तिच्या हातावर ठेवले. म्हातारीनं एक चावला. थांबली. दुसरा चावला.

"अगं, ही तर माझ्या डब्यातली चव!"

"तेच तर सांगत होते."

खात्री करायला म्हातारीनं मूठभर दाणे खाल्ले. "दाण्याचा काय दोष म्हणा," ती शेवटी म्हणाली. "लोक त्याला बाटलीत कोंबतात, तो बिचारा काय करणार?"

दाणा निर्दोष सुटला, त्याच्याबरोबर आत्याही. तेवढ्यात मागून शिंपी बोलला, "मग तारीख?"

लग्नानंतर सासूबाई शेजारणींना सांगत, "सून ताकदीच्या पुडीच्या कारखान्यात आहे हो." आत्या लगेच तोंड उघडी. अशा वेळी नवरा चटकन तिच्या ओठांत टाचण्या धरायला देई.

आता कारखान्यात जव फिरवायला मोठं यंत्र आलंय. आत्याला फक्त बटण दाबायचं असतं. ती बटण दाबते, कमरेवर हात ठेवते आणि यंत्राला म्हणते, "सावकाश रे मेल्या, कोंब तुटतील."