जिथं काही केलंच नव्हतं तो माळ

"मॅडम, हा दुसरा स्तंभ कशाला ठेवलाय? काढून टाका," साहेब म्हणाले. बीडच्या ऑफिसात मीटिंग सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि आम्ही दोघं लॅपटॉपपुढं बसलो होतो. साहेब म्हणजे आमचे वनाधिकारी. माणूस भला, पण घाईचा. आलेखातला पहिला स्तंभ त्यांना फार आवडला होता. मांजरसुंब्याच्या बाजूच्या एका माळावर त्यांनी हरणांसाठी पाणवठे बांधले होते, आणि त्यानंतर तिथली काळविटं चांगलीच वाढलेली दिसत होती. दुसरा स्तंभ शेजारच्या माळाचा होता. तिथं पाणवठा नव्हता, काहीच नव्हतं. तिथलीही काळविटं तितकीच वाढली होती.

पाणवठा म्हणजे जमिनीत बसवलेली सिमेंटची पसरट बशी. ती टँकरनं भरायची, जनावरांनी येऊन प्यायचं. मी वन्यजीवांची अभ्यासक. असे उपाय खरंच लागू पडतात का, हे पुराव्यानं सांगायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण लग्नात जेवायला बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणणारा पाहुणा जितका आवडतो, तितकीच मी ऑफिसात आवडते.

पाणवठे बांधायच्या आधीच मी हट्ट धरला होता, की शेजारचा माळ तसाच सोडा आणि तिथलीही मोजणी करा. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. "जिथं काही केलंच नाही, तिथं काय मोजायचं?" म्हणून सगळं ऑफिस हसलं होतं. अहो, तिथंच तर मोजायचं! ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला. गोळीनं उतरला की आपोआप, हे गोळी न घेतलेल्याकडं बघितल्याशिवाय कळणार कसं?

आता खरं सांगते. तो स्तंभ काढून टाकावा असं मलाही वाटत होतं. पुढचे पाणवठे कुठं बांधायचे ते त्या मीटिंगमध्ये ठरणार होतं, आणि पहिलं नाव माझ्याच गावाचं होतं. नेकनूरच्या पलीकडं आमचं गाव. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं असतात. जन्मभर ऊस तोडून त्यांची कंबर गेली. आता भाऊ-वहिनी जातात आणि त्यांच्या पोरीला, म्हणजे दादांच्या नातीलाही, सोबत नेतात. दसरा झाला की आमचं गाव कारखान्याला जातं. कारखान्याला म्हणजे ऊसतोडीला. घरांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात. लहानपणी मी गावातच म्हाताऱ्या मावशीकडं राहायचे आणि आई-दादांची वाट बघायचे. ट्रॅक्टरचा आवाज आला की फाट्यावर पळत सुटायचे. अजूनही हिवाळ्यात गावात शिरताना मला कसंतरी होतं.

याच हिवाळ्यात आमच्या माळावर काळविटं येतात. उन्हाळ्यात गाव परततं, त्याच सुमाराला ती निघून जातात. नातीनं ती आपल्या माळावर कधी पाहिलीच नाहीत. दादांच्या मनाला एवढीच एक गोष्ट लागून राहिली होती. "पानी न्हाई म्हनून जातेत ती," ते म्हणायचे. "पानवठा झाला तर थांबतील. पोरीला दावायचीत मला." मलाही तेच हवं होतं. साहेबांपेक्षा कितीतरी जास्त हवं होतं.

स्तंभ ठेवला. मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड पडलं. निर्णय उन्हाळ्यापर्यंत पुढं ढकला, असं मी म्हटलं आणि त्यांनी तो ढकलला. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग मी शांतपणे बसून बघितलं, मोजणी कधी झाली होती ते. पहिली दसऱ्याच्या आधी. दुसरी ऐन थंडीत. म्हणजे पहिल्या वेळी गावं भरलेली होती, दुसऱ्या वेळी रिकामी. माळावर शेळ्या नाहीत, कुत्री नाहीत, सरपणाला जाणारं कुणी नाही. पाणवठा असो नसो, काळविटं येणारच! जिथली गावं तोडीला जात नाहीत, अशा जिल्ह्यात मोजणीच्या वेळेची ही चूक झाली नसती. माझं सगळं बालपण या कुलपांत गेलं, आणि तरी हे मला इतक्या उशिरा सुचलं.

पण सुचलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. माजलगावकडच्या एका गावाला कालव्याचं पाणी आहे, तिथलं कुणी तोडीला जात नाही. तिथला माळ दसऱ्याआधी एका दुसऱ्या कामासाठी मोजलेला होता, तो आम्ही आता पुन्हा चालून मोजला. थंडीत तिथं काळविटं वाढली नव्हती. पुढं पट्टा पडला, म्हणजे कारखाने बंद झाले, टोळ्या परतल्या, आणि आम्ही आमचे दोन्ही माळ पुन्हा मोजले. पाणवठे काठोकाठ भरलेले होते. शेळ्या पीत होत्या, कावळे अंघोळ करत होते. काळविटं दोन्हीकडं सारखीच कमी झाली होती.

'पाणवठ्यांमुळे काळविटं वाढली किंवा थांबली, असा पुरावा नाही,' असा रिपोर्ट मी लिहिला. ते वाक्य टाइप करायला मला सबंध दुपार लागली.

साहेबांनी तो वाचला. "तुमच्याच गावाचं नाव कटतंय, मॅडम."

"हो, साहेब."

त्यांनी नाव खोडलं. आता नवी योजना आली की ते स्वतःच विचारतात, मॅडम, तुमचा रिकामा माळ कुठला? यातून शिकण्यासारखं एवढंच, की आकडा वाढला म्हणून कुणी पेढे वाटायला लागलं, तर पेढा जरूर खावा आणि मोजलं कधी होतं ते विचारावं.

दादांना सांगायला मी गावी गेले. गाव भरलेलं होतं. दारादारात चुली पेटल्या होत्या, शेळ्या ओरडत होत्या, नात अंगणात मैत्रिणींशी भांडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. दादा तिच्याकडं बघत ऐकत राहिले.

"म्हंजी ही हितं हाय तवर ती येनार न्हाईत," ते म्हणाले.

"तसंच दिसतंय, दादा."

त्यांनी मान वळवून माळाकडं बघितलं. मग म्हणाले, "दोनी एका टायमाला कदी बघायला मिळतील गं, बाई?"

नोकरीत मला पुष्कळांनी पुष्कळ प्रश्न विचारलेत. हा एक मी वहीत उतरवून घेतला.