चाल संपल्यावर

सुट्टीच्या दुपारी सूनबाई कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळते. लोकांनीच मिळून बनवलाय आणि फुकट वाटलाय, असं ती सांगते. पडद्यावर षटकोनी घरं असतात, कुठे कुरण, कुठे रान, कुठे डोंगर. तिचा घोडेस्वार कुरणातून भरधाव सुटला आणि रानात शिरताच पहिल्याच घरात थबकला.

"दमला गं बिचारा," मी म्हटलं.

"दमला नाही, आई. एका पाळीला मोजकीच चाल मिळते, रानात घोड्याला ती जास्त लागते. आणि शत्रूच्या शेजारी गेलं की उरलेली चालही संपते."

"मग आता परत घरी?"

ती हसली. "परत कशाला? थांबला तिथेच उभा राहील. पुढच्या पाळीला नवी चाल मिळते."

मला गल्लीच्या टोकाचं वाचनालय आठवलं. दारातल्या बाकावर पुरुष पेपर वाचत बसतात. त्यांच्याजवळ गेले की माझे पाय अडतात, नि मी भाजीला निघाल्यासारखी मागे वळते. थांबणं म्हणजे हरणं, असंच मी धरून चालले होते. पण कुणाला कुरण सोपं, कुणाला रान. माझं रान त्या बाकापाशी सुरू होतं, एवढंच.

आज तिथे पाय अडले, पण मी वळले नाही. उभीच राहिले. एका म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणाला शोधताय, वहिनी?"

मी म्हटलं, "कोणाला नाही. पुस्तक हवंय."

"मग आत जा की," ते म्हणाले, आणि पाय आवरून त्यांनी वाट दिली.